टेक्स्ट एडिटर नव्या मशीनवर पोर्ट करताना: आधी फाइल, मग कळा, शेवटी स्क्रीन

पोर्टिंगमधली, म्हणजे एका सिस्टिमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टिमवर चालता करण्यातली, मोठी चूक बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच होते. सोर्स नव्या मशीनवर कॉपी करायचा, ‘मेक’ हे बिल्डचं साधन चालवायचं, शंभर-दीडशे एरर आल्या की एकेक घेऊन तिथल्या तिथे इफडेफचं, म्हणजे ‘अमुक सिस्टिम असेल तरच हा कोड’ अशा अटीचं, ठिगळ लावायचं. दोन-तीन दिवसांत बिल्ड होतं, स्क्रीनवर अक्षरं उमटतात आणि पोर्ट झालं असं जाहीर होतं. आठवड्याने कोणीतरी कळवतं, की एकच ओळ बदलून फाइल सेव्ह केली, पण डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या फाइलींच्या तुलनेत, सगळ्याच ओळी बदललेल्या दिसतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे फाइलचा शेवटचा भाग गायब आहे.

वापरणाऱ्याने न बदललेला प्रत्येक बाइट जसाच्या तसा परत करणं, हे एडिटरचं पहिलं काम. स्क्रीनवर काही वेडंवाकडं दिसलं तर माणूस वैतागतो. फाइल बिघडली तर तो एडिटर पुन्हा उघडत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं. म्हणून या लेखातला क्रम नेहमीच्या क्रमाच्या उलटा आहे. स्क्रीन सर्वांत शेवटी येतो.

मी सीमध्ये लिहिलेला आणि टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर गृहीत धरला आहे. तुमचा एडिटर दुसऱ्या भाषेत असेल तर टप्पा २ मधल्या काही अडचणी भाषेनेच सोडवलेल्या असतील. बाकीचं सगळं तुम्हालाही लागू पडेल.

## टप्पा १: घरच्या मशीनवरची तयारी

एडिटर जिथे आज व्यवस्थित चालतो, त्याच मशीनवर हे काम करायचं. नव्या मशीनला अजून हात लावायचा नाही. एकूण मेहनतीतला निम्मा वाटा इथे गेला तरी चालेल. तो पुढे दामदुपटीने परत मिळतो.

१.१ संपर्काच्या जागा शोधा. एडिटर ऑपरेटिंग सिस्टिमशी कुठे कुठे बोलतो, त्याची यादी करा. सी स्टँडर्डबाहेरचं प्रत्येक हेडर कोणकोणत्या फाइलींत इनक्लूड झालं आहे ते शोधलं की बहुतेक जागा सापडतात. सहसा यादीत हेच येतं: फाइल आणि फोल्डर, टर्मिनलची स्थिती, कळा वाचणं, स्क्रीनवर लिहिणं, वेळ आणि सिग्नल, दुसरा प्रोग्रॅम चालवणं, सेटिंगच्या फाइली ठेवायची जागा.

१.२ त्या सगळ्या एका फाइलमध्ये आणा. प्रत्येक सिस्टिमसाठी एक सोर्स फाइल आणि सगळ्यांत फंक्शनची नावं सारखी. विम या एडिटरमध्ये हीच पद्धत आहे. युनिक्स, विंडोज, व्हीएमएस यांच्या वेगळ्या फाइली आहेत आणि मशीनवर अवलंबून असलेल्या फंक्शनच्या नावांना ‘एमसीएच’ हा उपसर्ग आहे. नाव वाचताच कळतं की इथून पुढे प्रत्येक सिस्टिमचा मार्ग वेगळा.

मुख्य कोड आणि सिस्टिमच्या फाइली जिथे जोडल्या जातात, तो सांधा किती वर घ्यायचा, हे नीट ठरवा. फार खाली घेतला तर उपयोग होत नाही. ‘फाइल उघड’, ‘लिही’, ‘नाव बदल’ अशी तीन छोटी फंक्शन गुंडाळली, तर सेव्ह करण्याचा क्रम मुख्य कोडमध्येच राहतो. आणि नेमका तो क्रमच प्रत्येक सिस्टिमवर वेगळा असतो. त्याऐवजी ‘हा मजकूर या नावाने सुरक्षित सेव्ह कर’ असं एकच फंक्शन करा. आतली पावलं ज्या त्या सिस्टिमच्या फाइलमध्ये राहू द्या.

१.३ नाव विचारू नका, सोय विचारा. ‘लिनक्स असेल तर’ अशी अट घातली की पुढच्या प्रत्येक सिस्टिमसाठी ती वाढवावी लागते. ‘ही सोय असेल तर’ अशी अट घाला आणि सोय आहे की नाही हे बिल्डच्या वेळी तपासून एका कॉन्फिग हेडरमध्ये लिहा.

१.४ पोकळ पोर्ट करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फायदा हिचाच आहे. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, अशी एक काल्पनिक सिस्टिम लिहा. तिच्यात ८० × २४ चा एक ॲरे हाच स्क्रीन, आणि कळा एका साध्या फाइलमधून वाचायच्या. या सिस्टिमवर तुमचा एडिटर चालला, म्हणजे सांधा खरोखर मोकळा झाला. शिवाय नव्या मशीनवर टर्मिनलचं एक अक्षरही न लिहिता एडिटरचा गाभा तपासायचं साधन हाताशी येतं.

१.५ तपासणीच्या फाइली जमवा. रिकामी फाइल. एकाच बाइटची फाइल. शेवटी ओळ न संपवलेली फाइल. एलएफ, सीआरएलएफ आणि नुसता सीआर अशा तिन्ही ओळशेवटांच्या (ओळ संपल्याच्या खुणांच्या) तीन फाइली, आणि तिन्हींची सरमिसळ असलेली चौथी. ० ते २५५ हे सगळे बाइट एकदा तरी येतील अशी फाइल. मुद्दाम बिघडवलेला यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मजकूर. दहा लाख अक्षरांची एकच ओळ. ४० हजार ओळींची फाइल. प्रत्येकीचा चेकसम, म्हणजे तिच्या सगळ्या बाइटवरून काढलेला पडताळ्याचा आकडा, लिहून ठेवा.

> सावधान: गिटमधलं ‘ऑटोसीआरएलएफ’ सेटिंग चेकआउट करताना ओळशेवट बदलू शकतं. मग तुमच्या तपासणीच्या फाइली नव्या मशीनवर पोचतात त्याच बदललेल्या. त्या फोल्डरला ‘गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये बायनरी म्हणून नोंदवा आणि नव्या मशीनवर सगळ्यात आधी चेकसम ताडून पाहा.

> तपासा: सिस्टिमच्या फाइली वगळून उरलेला सगळा कोड एकाही सिस्टिम-हेडरशिवाय कंपाइल होतो का? दोन वेगळ्या कंपायलरवर, सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून? ॲड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइन्ड बिहेव्हियर सॅनिटायझर या चुका पकडणाऱ्या साधनांची एकही तक्रार नाही ना? घरच्या मशीनवर नशिबाने चालणारा बग नव्या मशीनवर हमखास फुटतो. तो इथेच पकडणं दसपट स्वस्त पडतं.

## टप्पा २: नव्या मशीनची चौकशी

एडिटर बाजूला ठेवा. वीस ओळींचा एक प्रोग्रॅम लिहून तो नव्या मशीनवर चालवा. इंट, लाँग, पॉइंटर आणि वाइड कॅरेक्टर यांचे आकार छापा. साधा ‘चार’ टाइप ऋण किंमत घेतो का ते पाहा. बाइटचा क्रम, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवला जातो की लहान, तो बघा. आलेली उत्तरं पोर्टच्या नोंदवहीत लिहून ठेवा. प्रत्येक उत्तरामागे एक ओळखीचा बग दबा धरून बसलेला असतो.

चारचं चिन्ह. एक्स८६ वर साधा चार सहसा ऋण किंमत घेतो. लिनक्सच्या एआरएम मशीनवर घेत नाही. ॲपलच्या एआरएम मशीनवर मात्र घेतो. म्हणजे प्रोसेसर ओळखून अंदाज बांधता येत नाही. वाचलेलं अक्षर चारमध्ये साठवून त्याची ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, सहसा उणे १) तुलना केली, तर लिनक्स-एआरएमवर २५५ आणि उणे १ कधीच जुळत नाहीत आणि लूप संपत नाही. याच चुकीत मी एक अख्खी संध्याकाळ डीबगरपुढे काढली आहे, आणि तोवर दोष टर्मिनलचा आहे असंच समजत होतो. एक्स८६ वर याच चुकीचं दुसरं रूप दिसतं. फाइलमध्ये २५५ हा बाइट आला की वाचन तिथेच थांबतं आणि पुढचा मजकूर गुपचूप सुटतो. वाचलेली किंमत इंटमध्ये ठेवा, आणि अक्षरांसाठी सगळीकडे अनसाइन्ड चार वापरा. ‘हे अक्षर आहे का’ अशा छापाच्या लायब्ररी फंक्शनला ऋण किंमत कधीही देऊ नका.

आकड्यांचे आकार. ६४ बिटच्या लिनक्सवर आणि मॅकवर लाँग ६४ बिटचा असतो. ६४ बिटच्या विंडोजवर तो ३२ बिटचाच राहतो. पॉइंटर लाँगमध्ये साठवणारा कोड तिथे मोडतो. फाइलमधली जागा लाँगमध्ये ठेवली तर २१४७४८३६४७ बाइटच्या पुढे हिशेब चुकतो. १६ बिटच्या डॉसवर इंट ३२७६७ ला संपतो, त्यामुळे ४० हजार ओळींच्या फाइलमध्ये ओळक्रमांक ऋण होतो. तपासणीची ती फाइल त्यासाठीच आहे. शिवाय तिथे मेमरीचा एक सेगमेंट ६४ केबीचा, म्हणून अख्खी फाइल एका बफरमध्ये ठेवणारा एडिटर तिथे मुळातूनच बदलावा लागतो. हे आधी कळलेलं बरं.

बाइटचा क्रम आणि मेमरीची मांडणी. मजकुराच्या फाइलला याची झळ बसत नाही. बसते ती स्वॅप फाइलला (सेव्ह न केलेलं काम जपणारी फाइल), अनडूच्या साठवलेल्या इतिहासाला आणि कुठल्याही कॅशला. स्ट्रक्ट जसाच्या तसा डिस्कवर लिहिला असेल, तर दुसऱ्या मशीनवर त्यातले आकडे उलटेपालटे वाचले जातात, मधली रिकामी जागाही वेगळी असते. एकेक बाइट ठरलेल्या क्रमाने लिहा. ते शक्यच नसेल तर फाइलच्या सुरुवातीला ओळख पटवणारे आकडे ठेवा. विमच्या स्वॅप फाइलच्या पहिल्या ब्लॉकमध्ये असे आकडे असतात, त्यामुळे ती फाइल दुसऱ्या जातीच्या मशीनवर तयार झाली आहे हे ओळखता येतं. मेमरी उचलून डिस्कवर टाकण्याची किंमत किती असते, त्याचा मोठा दाखला म्हणजे ईमॅक्स हा एडिटर. चालू प्रोग्रॅमची मेमरी थेट एक्झिक्युटेबल म्हणून लिहायची त्याची जुनी रीत प्रत्येक सिस्टिमच्या एक्झिक्युटेबलच्या रचनेत आणि मॅलॉकच्या (मेमरी वाटून देणाऱ्या फंक्शनच्या) आतल्या कारभारात गुंतलेली होती. तिची जागा घेणारा पोर्टेबल डंपर २०२० मध्ये आवृत्ती २७ सोबत आला.

काही प्रोसेसरना विषम पत्त्यावरून आकडा वाचला तर चालत नाही. स्पार्कवर प्रोग्रॅम थेट बस एरर देऊन मरतो. बफरमधल्या बाइटवर इंटचा पॉइंटर ठेवून वाचू नका, मेमकॉपी वापरा.

स्टॅक, म्हणजे फंक्शनच्या हाकांसाठीची मेमरी. लिनक्सवर मुख्य थ्रेडला सहसा ८ एमबी मिळतात, विंडोजवर १ एमबी. लिनक्सच्या मसल या सी लायब्ररीवर नव्या थ्रेडला अवघे १२८ केबी. शोधाचं किंवा रंगीत मांडणीचं फंक्शन स्वतःलाच हाक मारत खोल जात असेल, तर दहा लाख अक्षरांची ती ओळ इथे उघडून पाहा.

अक्षरसंच. आयबीएमच्या मेनफ्रेमवर जायचं असेल तर ईबीसीडिक भेटेल. तिथे इंग्रजी वर्णमाला सलग नसते. लहान लिपीतला आय १३७ वर, पण जे १४५ वर. आर १५३ वर, पण एस १६२ वर. ‘ए ते झेड यांच्या मधलं काहीही अक्षरच’ असं मानणारी प्रत्येक तुलना तिथे खोटी ठरते. कंट्रोलची कळ काढण्यासाठी खालचे पाच बिट घेण्याची युक्तीही चालत नाही.

## टप्पा ३: सर्वांत लहान बिल्ड

रंगीत मांडणी, क्लिपबोर्ड, प्लगिन, माऊस, सगळं बंद करा. पोकळ पोर्टची फाइल घ्या आणि तेवढाच एडिटर नव्या मशीनवर बिल्ड करा. एकही एरर न आलेलं छोटं बिल्ड हातात असलं, की पुढची प्रत्येक तक्रार कुठल्या बदलाने आली हे लगेच कळतं.

क्रॉस कंपाइल (एका मशीनवर बसून दुसऱ्यासाठी कंपाइल) करत असाल तर कॉन्फिगर स्क्रिप्टवर नजर ठेवा. ज्या चाचण्यांना प्रोग्रॅम चालवून पाहावा लागतो, त्या तिथे चालूच शकत नाहीत. स्क्रिप्ट अंदाज बांधते किंवा अडून बसते. अशी प्रत्येक किंमत टप्पा २ च्या नोंदवहीतून हाताने भरा.

> सावधान: सोर्सच्या फाइलींची नावंही पाहा. ‘ऑक्स’, ‘कॉन’, ‘नल’, ‘पीआरएन’ ही नावं विंडोजने उपकरणांसाठी राखून ठेवली आहेत. एक्स्टेन्शन जोडलं तरी बहुतेक आवृत्त्यांवर अशी फाइल तयार होत नाही. फक्त लहान-मोठ्या लिपीत फरक असलेल्या दोन फाइली मॅकच्या नेहमीच्या डिस्कवर आणि विंडोजवर एकमेकींवर लिहिल्या जातात.

## टप्पा ४: फाइल उघडा, सेव्ह करा, ताडून पाहा

स्क्रीन अजूनही नाही. पोकळ पोर्टला कळांची फाइल द्या: उघड, सेव्ह कर, बाहेर पड. मग चेकसम ताडा. तपासणीची प्रत्येक फाइल हुबेहूब परत येईपर्यंत पुढे जायचं नाही. या टप्प्यात घाई केलेली पोर्ट मी जितकी पाहिली, तितक्यांत नंतर कुणाचा ना कुणाचा मजकूर गेला आहे.

४.१ बायनरी मोड. फाइल नेहमी बायनरी मोडमध्ये उघडा. युनिक्सवर फरक पडत नाही, म्हणून तो एक शब्द राहून जातो. विंडोजवर टेक्स्ट मोड सीआरएलएफचं एलएफ करतो, आणि २६ हा बाइट दिसला की फाइल संपली असं समजतो. फाइलचा शेवट गायब होण्यामागचं हे सर्वांत नेहमीचं कारण.

४.२ ओळशेवट लक्षात ठेवा. युनिक्सचा एलएफ (१०), विंडोज आणि डॉसचा सीआर-एलएफ (१३ आणि १०), मॅक ओएस ९ पर्यंतच्या मॅकचा नुसता सीआर (१३). उघडताना ओळशेवट ओळखा, लक्षात ठेवा, तोच परत लिहा. सरमिसळ असेल तर दुरुस्त करायला जाऊ नका. प्रत्येक ओळीचा तिचा तिचा शेवट जपा. किंवा एलएफला ओळशेवट माना आणि सीआर साधं अक्षर म्हणून ओळीतच राहू द्या. शेवटच्या ओळीनंतर ओळशेवट नव्हता, तर सेव्ह करतानाही घालायचा नाही. फाइलच्या आरंभी बीओएम (बाइटक्रम सांगणारी खूण) होता तर ठेवायचा, नव्हता तर घालायचा नाही.

४.३ न वाचता येणारे बाइट. बिघडलेला यूटीएफ-८ दिसला की त्या जागी प्रश्नचिन्हाचं चौकोनी अक्षर भरून टाकणं, हा गुन्हा समजा. स्क्रीनवर काहीही दाखवा, बफरमध्ये मूळ बाइटच ठेवा.

४.४ सुरक्षित सेव्ह. सर्वसाधारण क्रम असा: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, ती डिस्कपर्यंत पोचवा, बंद करा, मग तिला मूळ नाव द्या. प्रत्येक पावलाचं उत्तर तपासा. डिस्क भरल्याची एरर कधी कधी फाइल बंद करतानाच कळते, म्हणून क्लोजचं उत्तरही वाचा. तात्पुरती फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवली तर नाव बदलण्याचं पाऊल सरळ फसतं.

आता प्रत्येक सिस्टिमचा फरक. पॉझिक्समध्ये (युनिक्स-कुळातल्या सिस्टिमच्या मानकात) जुनं नाव असलं तरी रिनेम त्याची जागा एका झटक्यात घेतं. विंडोजच्या सी लायब्ररीत त्या नावाची फाइल आधीच असेल तर रिनेम फसतं. तिथे कुणी ‘आधी जुनी फाइल पुसू, मग नाव देऊ’ असा मार्ग काढला, तर त्या दोन पावलांच्या मध्ये वीज गेली की मूळ नावाची फाइलच उरत नाही. विंडोजचं ‘रिप्लेसफाइल’ वापरा. ते परवानग्याही जपतं. मॅकवर ‘एफसिंक’ डिस्कच्या स्वतःच्या कॅशपर्यंतच हमी देतं. पुढची हमी हवी असेल तर ‘फुलएफसिंक’ ही वेगळी विनंती करावी लागते.

युनिक्सवर रिनेमने आणखी एक गोष्ट तुटते. मूळ फाइल सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) असेल तर लिंकच्या जागी साधी फाइल येते, हार्डलिंक (एकाच फाइलचं आणखी एक नाव) असेल तर जोडी फुटते, मालकी आणि परवानग्या बदलतात. अशा फाइली आधी ओळखा. त्यांची बॅकअप प्रत करून मूळ फाइलमध्येच लिहा.

४.५ नावं. लिनक्सवर फाइलचं नाव म्हणजे बाइटची माळ; ते यूटीएफ-८ असेलच असं नाही. विंडोजवर नाव १६ बिटच्या एककांचं असतं, जुन्या फंक्शनना २६० अक्षरांची मर्यादा असते, आणि सीच्या साध्या ‘मेन’ फंक्शनला मिळालेली नावं कोडपेजमधून (जुन्या अक्षरतक्त्यातून) गाळून आलेली असतात. देवनागरी नाव तिथे प्रश्नचिन्हांत बदलतं. वाइड कॅरेक्टरची फंक्शन वापरा आणि सांध्यापाशी यूटीएफ-८ मध्ये बदलून घ्या.

मॅकच्या एचएफएस प्लस या जुन्या डिस्क-मांडणीवर आपल्या भाषेचा थेट संबंध येतो. ‘दुसऱ्या’ या नावात सात कोडपॉइंट (युनिकोडमधले अक्षरक्रमांक) आहेत, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. त्यातला ‘ऱ’ (युनिकोड ०९३१) ती डिस्क मोडून ‘र’ आणि नुक्ता असा साठवते. फोल्डरची यादी वाचली की २४ बाइटचं नाव परत येतं. बाइट ताडून ‘ही फाइल आधीच उघडी आहे का’ असं ठरवणारा एडिटर तीच फाइल दुसऱ्यांदा उघडतो आणि मग दोन बफर एकमेकांवर सेव्ह होतात. नावं ताडू नका; युनिक्सवर डिव्हाइस आणि आयनोड (फाइलची अंतर्गत ओळख) क्रमांक, किंवा विंडोजवर व्हॉल्यूम आणि फाइल-इंडेक्स ताडा.

४.६ बाहेरून झालेला बदल. बदलाची वेळ पाहून हे ओळखत असाल तर फॅट डिस्कवर ती वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते. वेळेच्या जोडीला आकारही पाहा.

> तपासा: सगळे चेकसम जुळले? आता सेव्ह चालू असताना प्रोग्रॅम मारून पाहा. भरत आलेल्या छोट्या डिस्कवर सेव्ह करून पाहा. फक्त-वाचन फाइल, सिमलिंक, आणि विंडोजवर दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडून धरलेली फाइल, तिन्ही करून पाहा. प्रत्येक वेळी जुनी किंवा नवी, एक तरी प्रत पूर्ण शाबूत असली पाहिजे.

## टप्पा ५: टर्मिनल ताब्यात घेणं आणि परत देणं

परत देण्याचा कोड आधी लिहा. एडिटर मेल्यावर माणसाच्या हाती एको नसलेलं (टाइप केलेलं न दाखवणारं), एंटर न चालणारं टर्मिनल उरलं, तर त्याचं पुढचं कामही अडतं.

युनिक्सवर टर्मिऑसमधून (टर्मिनलच्या सेटिंगची सोय) जुनी स्थिती वाचून जपून ठेवा, मग प्रत्येक कळ जशीच्या तशी एडिटरला देणारा रॉ मोड लावा. नुसता एको आणि ओळीचा मोड बंद करून भागत नाही. प्रवाह थांबवणारी सोय चालू राहिली तर कंट्रोल-एस दाबताच स्क्रीन गोठतो, आणि बऱ्याच जणांच्या बोटांत तीच सेव्हची कळ असते. सीआरचं एलएफ करणारी सोय राहिली तर एंटर आणि कंट्रोल-जे यांतला फरक पुसला जातो. मॅकवर विस्तारित इनपुटची सोय चालू राहिली तर कंट्रोल-ओ पोचतच नाही. एक बारकावा: स्थिती बदलणारं फंक्शन मागितलेल्यांपैकी एक जरी बदल झाला तरी ‘यशस्वी’ म्हणतं. म्हणून लावलेली स्थिती पुन्हा वाचून ताडा.

विंडोजवर कन्सोलचे मोड इनपुटसाठी आणि आउटपुटसाठी वेगळे असतात, दोन्ही जपा. एस्केप कोड (कर्सर, रंग वगैरेंच्या आज्ञांचे बाइट) समजणारा मोड विंडोज १० पासून आहे आणि तो मागून घ्यावा लागतो.

बाहेर पडण्याचे सगळे रस्ते मोजा. साधं क्विट, मरणाचा सिग्नल, खिडकी बंद होणं, नेटवर्क तुटणं, कंट्रोल-झेडने मागे ठेवणं. मागे ठेवताना टर्मिनल परत द्यायचं, आणि पुढे आणल्यावर रॉ मोड लावून सगळा स्क्रीन नव्याने काढायचा. सिग्नल हँडलरमध्ये फाइल सेव्ह करायला जाऊ नका. मॅलॉकच्या मध्यावर सिग्नल आला तर तिथेच सगळं अडकतं. हँडलरमध्ये फक्त एक खूण करा आणि मुख्य लूपमध्ये येऊन काम करा. मारून टाकणारा सिग्नल पकडताच येत नाही. त्याच्यासाठी स्वॅप फाइल.

## टप्पा ६: कळा

एस्केपची कळ २७ हा बाइट पाठवते. बाणाची कळही २७ नेच सुरू होते आणि मागून आणखी दोन बाइट येतात. दोघांत फरक करायला वाट पाहावी लागते. किती? एनकर्सेस या टर्मिनल-लायब्ररीमध्ये ही वाट मुळात १००० मिलिसेकंद असते, म्हणून एस्केप दाबल्यावर एडिटर अडखळल्यासारखा वाटतो. स्थानिक टर्मिनलवर २५ ते ५० मिलिसेकंद पुरतात. लांबच्या नेटवर्कवर तेवढी वाट अपुरी पडते आणि बाणाची कळ मजकुरात कचरा टाकते. आकडा सेटिंगमध्ये ठेवा.

बाणाचे बाइट कोडमध्ये ठोकून बसवू नका. एकच टर्मिनल कीपॅडच्या मोडप्रमाणे दोन वेगळ्या माळा पाठवतं. दोन्ही स्वीकारा आणि बाकीच्यांसाठी टर्मइन्फो (प्रत्येक टर्मिनलच्या कळा आणि आज्ञांची नोंद) विचारा. बॅकस्पेस कुठे १२७ पाठवतो, कुठे ८. टर्मिऑसच्या इरेज खान्यात त्या टर्मिनलचं उत्तर असतं.

विंडोजवर कळ ही घटना म्हणून येते, दाबल्याची एक आणि सोडल्याची एक. सोडल्याची वगळली नाही तर प्रत्येक अक्षर दोनदा उमटतं. ६५५३५ च्या वरचं अक्षर, म्हणजे साधी इमोजीसुद्धा, दोन तुकड्यांत येतं. पहिला तुकडा धरून ठेवा, दुसरा आला की जोडा.

> तपासा: मोठा मजकूर पेस्ट करून पाहा. ब्रॅकेटेड पेस्ट (पेस्टच्या आधी-नंतर टर्मिनलने खूण पाठवायची सोय) चालू नसेल तर आपोआप इंडेंट करणारा एडिटर प्रत्येक ओळ अधिकाधिक उजवीकडे ढकलत जातो.

## टप्पा ७: स्क्रीन

इथपर्यंत आलात तर हा टप्पा जड जात नाही. पोकळ पोर्टमधला तो ८० × २४ चा ॲरे कामाला घ्या. आधीचा आणि आताचा ॲरे ताडा, बदललेले खानेच पाठवा, आणि सगळे बाइट एका बफरमध्ये जमवून एकदाच लिहा. ९६०० बॉडच्या सिरियल लाइनवर सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं जातात. १९२० खान्यांचा पूर्ण स्क्रीन काढायला दोन सेकंद लागतात. जलद मशीनवर हा आळस दिसत नाही, पण स्क्रीनची लुकलुक दिसते. डॉसच्या टेक्स्ट मोडमध्ये तर स्क्रीन थेट मेमरीतच असतो: ८० × २५ खाने, प्रत्येकी अक्षर आणि रंग असे दोन बाइट, मिळून ४००० बाइट.

सर्वांत उजवीकडच्या खालच्या खान्यात लिहिताना जपा. काही टर्मिनल तिथे अक्षर पडताच सगळा स्क्रीन एक ओळ वर सरकवतात.

खिडकीचा आकार बदलल्यावर युनिक्सवर सिग्नल येतो, विंडोजवर इनपुटच्या रांगेत घटना येते. आकार शून्य मिळाला तर ८० × २४ धरा.

मग येते अक्षरांची रुंदी. ‘नमस्ते’ म्हणजे सहा कोडपॉइंट, १८ बाइट. पायमोड आणि मात्रा यांना स्वतःची जागा नाही, म्हणून खाने चार. पण काना आणि वेलांटी यांना काही रुंदी-तक्ते शून्य जागा देतात, काही एक. एडिटरचा तक्ता एक आणि टर्मिनलचा दुसरा असला की कर्सर ओळीत पुढे पुढे सरकत चुकत जातो, आणि माणूस ज्या अक्षरावर आहे असं समजतो त्याच्या शेजारचं पुसलं जातं. सिस्टिमच्या तक्त्यावर विसंबू नका, एडिटरसोबत स्वतःचा तक्ता द्या. सुरुवातीला अशी अक्षरं टर्मिनलवर छापून कर्सर कुठे आहे ते टर्मिनललाच विचारा, आणि उत्तराप्रमाणे तक्ता जुळवा. ज्या ओळीत अशी अक्षरं आहेत, ती बदलली तर तुकड्याने न काढता पूर्ण काढा.

## टप्पा ८: बंद केलेलं एकेक चालू करा

सेटिंगची जागा: युनिक्सवर एक्सडीजी कॉन्फिगचं व्हेरिएबल, नसेल तर घरच्या फोल्डरमधलं कॉन्फिग, विंडोजवर ॲपडेटा. क्लिपबोर्ड: युनिक्सच्या एक्स११ या खिडक्यांच्या प्रणालीवर निवडीचा आणि कॉपीचा असे दोन असतात, आणि कॉपी करणारा प्रोग्रॅम बंद झाला की मजकूरही जाऊ शकतो. विंडोजच्या क्लिपबोर्डवर ओळशेवट सीआरएलएफ असतात. आत घेताना फाइलच्या ओळशेवटाप्रमाणे बदला. प्रत्येक गोष्ट चालू केल्यावर टप्पा ४ ची चेकसम तपासणी पुन्हा चालवा.

## टप्पा ९: बदल घरी परत न्या

नव्या मशीनवर केलेला प्रत्येक बदल मूळ सोर्समध्ये घाला आणि घरच्या मशीनवर सगळ्या चाचण्या पुन्हा चालवा. वेगळी प्रत ठेवली तर सहा महिन्यांत दोन एडिटर होतात.

नवं मशीन कायम हाताशी नसेल तर क्यूईएमयू हा दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरा. उलट बाइटक्रम तपासायला त्यातलं एस३९०एक्स (आयबीएमची मेनफ्रेम) पुरतं. पोकळ पोर्टच्या चाचण्या त्यावर प्रत्येक बदलानंतर आपोआप चालवा. कीबोर्ड आणि टर्मिनल मात्र खऱ्या मशीनवरच तपासावे लागतात, त्यांची आवृत्तीगणिक हाताने करायची छोटी यादी बनवा.

प्रत्येक सिस्टिमच्या सोर्स फाइलच्या माथ्यावर तीन ओळी लिहा: शेवटचं यशस्वी बिल्ड कोणत्या तारखेला, सिस्टिम आणि कंपायलरच्या कोणत्या आवृत्तीवर, आणि हाताने करायच्या यादीतलं काय काय तपासलं. वर्षभर ती तारीख हलली नाही, तर प्रकाशनाच्या टिपणात ती सिस्टिम ‘न तपासलेली’ म्हणून नोंदवा.